फोन बदलण्याआधी फसलेले फोटो मोजा: जुन्या आणि नव्या कॅमेऱ्याची घरच्या घरी तुलना

माझी मामेबहीण कोल्हापुरात असते. गेल्या डिसेंबरात तिच्या लेकीच्या शाळेचं स्नेहसंमेलन झालं. पोरगी पहिल्यांदाच स्टेजवर नाचली. घरी येऊन फोटो बघितले, तर बत्तीस फोटोंपैकी एकातही चेहरा धड नाही, आणि हातांच्या जागी नुसते फराटे. रात्री दहाला तिचा फोन आला, "ताई, मी उद्याच नवीन फोन घेते, ईएमआयवर. तू फक्त कुठला घेऊ ते सांग."

मी तिला म्हणाले, "आठवडाभर दम धर. जुना फोन घेऊन रविवारी सांगलीला ये. आणि तुझ्या जाऊबाईंनी नवा फोन घेतलाय ना, तोही एक दिवस मागून आण."

त्या रविवारी आम्ही जे केलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. याला दोन संध्याकाळी लागतात. साहित्य म्हणजे तुमचा फोन, कुणाचा तरी मागून आणलेला नवा फोन, फोटो मोठे करून बघायला लॅपटॉप किंवा टीव्ही, आणि एक कागद. कॅमेऱ्यातलं काही कळत नसलं तरी चालेल. जे कळायला हवं ते वाटेत येईलच.

पायरी १: शेवटचे शंभर फोटो उघडून बसा

गॅलरी उघडा आणि तुम्ही स्वतः काढलेले शेवटचे शंभर फोटो बघा. स्क्रीनशॉट, फॉरवर्ड आलेले फोटो आणि बिलांचे फोटो धरू नका. एक जागा मात्र विसरू नका, ती म्हणजे डिलीट केलेल्या फोटोंचा फोल्डर. फसलेले फोटो आपण तिथल्या तिथे पुसून टाकतो, त्यामुळे गॅलरीत चांगलेच उरतात आणि हिशोब चुकतो. बहुतेक फोनमध्ये पुसलेला फोटो महिनाभर त्या फोल्डरात असतो.

आता कागदावर रकाने आखा आणि प्रत्येक फसलेला फोटो एका रकान्यात टाका. रकाना ठरवायला फोटो थोडा मोठा करून बघावा लागतो.

मागची भिंत, खिडकीची चौकट, टेबलाची कड हे सगळं स्वच्छ आहे आणि फक्त माणूस पुसट आहे, तर माणूस हलला. भिंतीसकट सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसतंय, तर तुमचा हात हलला. दिव्यांभोवती धुकं, काळ्याचा राखाडी झालेला, सगळ्या फोटोवर दुधाळ पडदा असं असेल, तर तो बहुतेक लेन्सवरचा हात पुसल्याचा डाग. लांबचा माणूस मेणाच्या बाहुलीसारखा गुळगुळीत दिसत असेल, तर झूम. चेहरा खरा आहे त्यापेक्षा गोरा किंवा करडा आला असेल, तर रंग. आणि एक रकाना अशा फोटोंचा, जे काढलेच गेले नाहीत, कारण कॅमेरा उघडेपर्यंत क्षण निघून गेला. त्यांची मोजदाद आठवणीनेच करावी लागते, पण ती करा.

बहिणीच्या शंभरातले एकेचाळीस फसलेले निघाले. सतरा माणूस हलल्यामुळे, नऊ दुधाळ, आठ झूमचे, चार हात हलल्याचे, तीन किरकोळ. हा कागद पुढे शेवटपर्यंत लागणार आहे, नीट ठेवा. नवा फोन घ्यायचा की नाही याचं उत्तर बाजारात शोधायच्या आधी या रकान्यांत शोधायचं आहे.

सतरा फोटोंचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण ज्या ज्या घरात लहान मूल आहे तिथे हाच रकाना सगळ्यात लांब निघतो. फोटो निघतो तेव्हा कॅमेरा सेकंदाचा काही भाग उजेड आत घेत राहतो. त्या वेळाला शटर स्पीड म्हणतात. ट्यूबलाइटखाली किंवा शाळेच्या हॉलमध्ये फोन बऱ्याचदा १/३० सेकंदाच्या आसपास जातो. नाचताना मुलाचा हात सेकंदाला दोन मीटर सहज सरकतो. म्हणजे १/३० सेकंदात तो साडेसहा सेंटिमीटर पुढे गेला, आणि फोटोत तेवढा फराटा उमटला. तोच फोटो १/२५० सेकंदात निघाला असता तर हात फक्त आठ मिलिमीटर सरकला असता. अडचण अशी की १/२५० ला उजेड आठ पटींहून कमी मिळतो. तो कमी पडलेला उजेड कॅमेरा कुठून भरून काढतो, यावर चांगला आणि सुमार कॅमेरा ठरतो.

तुमच्या फोटोचा शटर स्पीड बघणं सोपं आहे. गूगल फोटोजमध्ये किंवा आयफोनच्या फोटोजमध्ये फोटो उघडून वर सरकवा. खाली माहिती येते: एफ/१.८, १/३३, आयएसओ ८०० असं काहीतरी. त्यातला '१/' ने सुरू होणारा आकडा शटरचा. तुमच्या हललेल्या फोटोंवर तो एकदा बघाच, अर्धा गोंधळ तिथेच मिटेल.

पायरी २: जुन्या फोनला एक संधी द्या

तुलना करायची तर जुना फोन त्याच्या चांगल्यात चांगल्या अवस्थेत हवा. नाहीतर घासूनपुसून आणलेला नवा फोन आणि चार वर्षं पर्समध्ये घासलेला जुना फोन यांची लढत होते, आणि ती तुलना म्हणता येत नाही.

लेन्सवर हलकी फुंकर मारा, मग चष्म्याच्या फडक्याने किंवा धुतलेल्या मलमलीने गोल फिरवून पुसा. कॅमेऱ्यावर वरून काच चिकटवली असेल तर काढा. रात्री दिव्यांची जी हिरवट भुतं फोटोत तरंगतात, ती पुष्कळदा याच काचेमुळे येतात. जाड कव्हरची कड फ्लॅशच्या आड येते का, तेही बघा. मग सेटिंगमध्ये जाऊन ब्युटी किंवा चेहरा उजळ करण्याचा पर्याय पूर्ण शून्यावर आणा, फोटोचा आकार पूर्ण ठेवा, आणि मेमरी काठोकाठ भरली असेल तर थोडी मोकळी करा. भरलेल्या मेमरीवर कॅमेरा उशिरा उघडतो.

आम्ही लेन्स पुसायच्या आधी देवघरातल्या समईचा एक फोटो काढला, पुसून दुसरा काढला. पहिल्या फोटोत ज्योतीभोवती नारळाएवढं धुकं होतं आणि मागच्या तसबिरी दिसत नव्हत्या. दुसऱ्यात वात, तेलाची चकाकी, तसबिरीवरचं कुंकू सगळं वेगवेगळं दिसलं. बहीण बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने कागदावरचा नऊचा आकडा खोडला.

तुमचे निम्म्याहून जास्त फसलेले फोटो दुधाळ आणि हात हललेल्या रकान्यात असतील, तर इथेच थांबा आणि पंधरा दिवस तोच फोन वापरा. मनापासून सांगते, थांबा. पैसे कुठे पळून जात नाहीत.

पायरी ३: कागदावरचे आकडे वाचा, पण योग्य आकडे

दुकानात आणि जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात मेगापिक्सेल असतात, म्हणजे फोटो किती दशलक्ष ठिपक्यांचा (पिक्सेलचा) बनतो तो आकडा. नवख्या माणसाने सगळ्यात शेवटी बघायचा आकडा तोच. २०१५ च्या आयफोन ६एसपासून २०२२ च्या आयफोन १४ पर्यंत साध्या आयफोनचा मुख्य कॅमेरा १२ मेगापिक्सेलच राहिला, आणि त्या सात वर्षांत फोटो कुठल्या कुठे गेले. कारण दरम्यान सेन्सर, म्हणजे लेन्समागची उजेड टिपणारी चकती, मोठा झाला, २०१९ मध्ये अंधारात फोटो काढायचा नाइट मोड आला, एका फोटोसाठी अनेक फोटो घेऊन ते जोडण्याचं तंत्र सुधारलं.

५० मेगापिक्सेलचा फोन नेहमीच्या वापरात चार पिक्सेलचा एक करून साधारण १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. १०८ वाला बहुतेकदा नऊचा एक करतो, २०० वाला सोळाचा एक. म्हणजे तिघेही शेवटी १२ च्या आसपासच येतात. आणि आपल्याला लागतं किती? ४ बाय ६ इंचांची चांगली प्रिंट काढायला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात, म्हणजे दोन मेगापिक्सेलच्या जरा वर. ए४ आकाराच्या उत्तम प्रिंटला नऊच्या आत काम होतं. ४के टीव्हीचा पूर्ण पडदा आठ मेगापिक्सेलने भरतो.

मग बघायचं काय? पहिलं, मुख्य कॅमेऱ्याच्या सेन्सरचा आकार. तो १/१.५६ इंच, १/२.७६ इंच असा अपूर्णांकात लिहितात. खालचा आकडा जितका लहान तितका सेन्सर मोठा, एवढं लक्षात ठेवलं की झालं. (ही इंचांची भाषा जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या काचेच्या नळ्यांपासून आली आहे. 'एक इंची' म्हणवणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे पट्टी घेऊन मोजायला जाऊ नका.) मोठ्या सेन्सरने किती फरक पडतो याचं एक चांगलं उदाहरण आहे. गूगलने २०२१ मध्ये पिक्सेल ६ नावाचा फोन काढला तेव्हा आधीच्या पिक्सेल ५ पेक्षा अडीच पट उजेड आत येतो असं सांगितलं होतं. आपल्या १/३० सेकंदाच्या हिशोबात बसवा: अडीच पट उजेड म्हणजे १/७५ सेकंद. साडेसहा सेंटिमीटरचा फराटा अडीच-पावणेतीनवर आला. सुधारणा खरी आहे, पण नाचणारा हात अजूनही गोठलेला नाही.

दुसरं, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक. एफ/१.८ हा एफ/२.४ पेक्षा जास्त उजेड घेतो, साधारण पावणेदोन पट. तिसरं, ओआयएस, म्हणजे लेन्स किंवा सेन्सर आतल्या आत हलवून हाताची थरथर सावरणारी यंत्रणा. याबद्दल फार गैरसमज आहे. ओआयएस तुमचा हात सावरतं, समोरच्या मुलाला थांबवत नाही. नाइट मोडचंही तेच: समईसाठी, किल्ल्यावरच्या रात्रीसाठी, देवळाच्या गाभाऱ्यासाठी तो उत्तम. धावणाऱ्या पोरासाठी त्याचा उपयोग नाही, कारण तो सेकंदभर किंवा त्याहूनही जास्त वेळ उजेड गोळा करतो.

चौथं, झूमची वेगळी लेन्स आहे का. 'तीन कॅमेरे' असं लिहिलेलं असलं तरी त्यातले दोन कधीकधी २ मेगापिक्सेलचे मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायचा) आणि डेप्थ (अंतराचा अंदाज घेणारा) असतात. ते मागची बाजू भरगच्च दिसावी यासाठी असतात, मोजणीत धरू नका.

दोन वर्षांतली मॉडेलं शेजारी ठेवून हे आकडे जुळवायची सवय लावून घ्या. सॅमसंगच्या साध्या एस मालिकेत २०२२ च्या एस२२ पासून २०२५ च्या एस२५ पर्यंत मागचे तीन कॅमेरे कागदावर तेच आहेत: ५० मेगापिक्सेलचा मुख्य, १२ चा अल्ट्रावाइड (जास्त रुंद दृश्य घेणारा), १० चा तीन पट झूम. फोटोवर होणारी आतली प्रक्रिया दरवर्षी सुधारते हे खरं, पण एस२३ वरून एस२५ वर केवळ कॅमेऱ्यासाठी जाणाऱ्या माणसाला मी हात धरून थांबवेन.

उलट बाजूही सांगायला हवी. यूट्यूबवर फोनची परीक्षणं करणारे मार्कस ब्राउनली यांनी २०२२ च्या शेवटी कुठल्या फोनचा ते न सांगता फोटो दाखवून लोकांची मतं घेतली. दोन कोटींहून जास्त मतं पडली, आणि पहिला आला गूगलचा पिक्सेल ६ए. त्या वर्षीच्या महागड्या फोनच्या रांगेतला हा स्वस्तातला फोन, आणि आतला १२ मेगापिक्सेलचा सेन्सर २०१८ च्या पिक्सेल ३ पासून वापरात असलेला. प्रक्रिया चांगली असेल तर जुना सेन्सरही टिकतो. म्हणून आकडे वाचून फक्त यादी छोटी करायची, निवड पुढच्या पायरीत करायची.

पायरी ४: तुमच्या घरात, तुमच्या उजेडात, एकाच वेळी

कंपनीच्या नमुना फोटोंवर जाऊ नका. २०१२ मध्ये नोकियाने ल्युमिया ९२० च्या जाहिरातीत अजिबात न थरथरणारा व्हिडिओ दाखवला होता. एका गाडीच्या काचेतल्या प्रतिबिंबात मोठा कॅमेरा धरलेला माणूस लोकांना दिसला, आणि कंपनीला माफी मागावी लागली. दुकानातल्या डेमो फोनवरही फार विसंबू नका. शोरूममध्ये इतका लखलखाट असतो की तिथे दहा हजारांचा फोनही सुंदर फोटो काढतो. डेमोच बघायचा असेल तर काउंटरखालच्या सावलीत हात हलवत त्याचा फोटो काढून बघा. पण खरा उपाय म्हणजे ओळखीत कुणाकडे तो फोन आहे का ते विचारून एक संध्याकाळ मागून आणणं.

नियम थोडेच आहेत. दोन्ही फोनवर फोनचा स्वतःचाच कॅमेरा वापरा. एकाच जागी उभं राहा, एका मिनिटाच्या आत दोन्हींनी काढा, आणि प्रत्येक दृश्याचे तीन-तीन फोटो घ्या. एक फोटो कुणाचाही लागून जातो किंवा चुकून जातो. तिन्ही बघितले की खरं काय ते कळतं.

मुख्य परीक्षा दिवेलागणीची. बैठकीत एक ट्यूब, खिडकीबाहेर अंधारून आलेलं, आणि मध्ये मूल. मुलाला 'उभी राहा' म्हणू नका, खेळू द्या. आम्ही भाचीला सोफ्यावरून उड्या मारायला लावल्या. तिला तेवढंच हवं होतं. दोन्ही फोनने दहा-दहा फोटो काढले आणि चेहरा स्पष्ट असलेले किती ते मोजलं. जुन्याचे दोन, जाऊबाईंच्या फोनचे पाच. इथे शटरचा आकडा पण बघून घ्या: नवा फोन मूल हलतंय हे ओळखून आपणहून शटर वेगाने उघडझाप करतो की नाही, ते कळतं. काही महागडे फोनसुद्धा ते करत नाहीत, आणि अशा घरात ते बिनकामाचे.

दुसरी परीक्षा साडीची. आईची इरकल खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि संध्याकाळी त्याच ट्यूबखाली दोन मीटरवरून फोटो काढला. अंधारात फोटोवर दाणे येतात, आणि फोन ते पुसून टाकतो. पुसताना बारीक वीणही पुसली जाते. जुन्या फोनवर इरकलीच्या चौकडीचा रंगीत लेप झाला होता. नव्यावर काठाजवळच्या बारीक रेघा दिसत होत्या, मध्यभागी मात्र त्याही विरघळल्या होत्या. दाणे अजिबात नाहीत म्हणून फोटो चांगला असं समजू नका, वीण उरली आहे का ते बघा. आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांनाही हाच न्याय.

तिसरी, झेंडूची माळ आणि कुंकवाचा करंडा, दुपारच्या उन्हात. भडक लाल-केशरी रंगाने फोनचे कॅमेरे गडबडतात. पाकळ्यांच्या जागी एक सपाट केशरी ठिपका येतो. ज्यांच्या घरी गणपती बसतो, ज्यांना गुलालात फोटो काढायचे आहेत, त्यांनी ही परीक्षा चुकवू नये.

चौथी, त्वचेचा रंग. घरात सावळं आणि गोरं अशी दोन माणसं खिडकीसमोर, उजेड पाठीशी येईल अशी शेजारी उभी करा. दोघांचे चेहरे आपापल्या रंगात यायला हवेत. सावळा चेहरा करडा पडला किंवा राखेसारखा उजळला, तर तो फोन आपल्या घरासाठी नाही. गूगलने २०२१ पासून 'रिअल टोन' नावाने या गोष्टीवर मुद्दाम काम केलं आहे. बाकीच्यांचं तुम्हालाच तपासावं लागेल. आपला रंग आहे तसा फोटोत उमटणं हा कॅमेऱ्याचा पहिला धर्म आहे, आणि त्यात तडजोड करू नये असं मला ठामपणे वाटतं.

झूमसाठी चंद्र बघू नका. २०२३ मध्ये एका माणसाने चंद्राचा मुद्दाम पुसट केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर लावून सॅमसंगच्या फोनने टिपला, तर फोनने नसलेले तपशील भरून दिले. चंद्र कसा दिसतो हे फोनला आधीच पाठ असतं. त्याऐवजी समोरच्या दुकानाची पाटी घ्या, किंवा स्टँडवर उभ्या एसटीची. देवनागरी अक्षरांत ही चोरी लगेच उघडी पडते: फोन अंदाजाने धार काढायला जातो, आणि काना-मात्रांच्या विचित्र आकृत्या होतात.

शाळेच्या कार्यक्रमांसाठी फोन घेणाऱ्यांनी बोटाची परीक्षा करावी. संध्याकाळी खोलीत तीन पट झूम लावा आणि मागच्या झूमच्या लेन्सवर बोट ठेवा. पडदा काळा झाला तर फोन खरोखर ती लेन्स वापरतोय. चित्र तसंच राहिलं, तर फोन मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून मोठा करून देतोय, कारण झूमची लेन्स कमी उजेडात पुरी पडत नाही. जाऊबाईंच्या फोनने खोलीत फसवलं, बाल्कनीत उन्हात खरं दाखवलं. म्हणजे हॉलमधल्या अंधाऱ्या स्नेहसंमेलनाला त्या झूमचा भरवसा नाही.

व्हिडिओ काढत असाल तर चालत एक मिनिट, आणि मोठ्या आवाजाजवळ अर्धा मिनिट घ्या. ढोल-ताशाच्या सरावाची जागा जवळ असेल तर फारच छान. आवाज फाटतो का ते कळतं. एलईडी दिव्यांखाली व्हिडिओत काळे पट्टे सरकत असतील तर सेटिंगमध्ये ५० हर्ट्‌झचा पर्याय आहे का पाहा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची आहे.

पायरी ५: बघताना होणाऱ्या चुका

आपण फोटोंची तुलना करतो असं वाटतं, पण पुष्कळदा पडद्यांची तुलना करत असतो. नव्या फोनचा पडदा उजळ आणि भडक असतो, त्यावर काहीही छान दिसतं. म्हणून दोन्हींचे फोटो एकाच लॅपटॉपवर किंवा टीव्हीवर घ्या. व्हॉट्सॲपवर साधे पाठवू नका, ते फोटो दाबून लहान करतं आणि दोन्ही फोन सारखेच दिसू लागतात. केबलने घ्या, ड्राइव्हवर टाका, किंवा व्हॉट्सॲपवरच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

फाइलींना 'अ' आणि 'ब' अशी नावं द्या, आणि कुठला कुणाचा हे माहीत नसलेल्या घरच्या माणसांना निवडायला लावा. उजळ फोटो पहिल्या नजरेत नेहमी जिंकतो, म्हणून कमी उजळ फोटो एडिटमध्ये थोडा उजळून बरोबरीला आणा आणि पुन्हा विचारा. माझ्या आईने पहिल्या फेरीत नव्याला सहा गुण दिले होते, उजेड बरोबरीला आणल्यावर चार.

शेवटी एक उलटा प्रयोग. तेच फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवून घरच्या ग्रुपमध्ये बघा. तुमचे फोटो जर तिथेच जगणार असतील, तर तिथे दिसणारा फरक हाच तुमचा खरा फरक. लॅपटॉपवर दिसलेली इरकलीची वीण तिथपर्यंत पोहोचतच नाही. सोफ्यावरून मारलेल्या उडीचा चेहरा मात्र पोहोचतो.

पायरी ६: कागद परत काढा

पहिल्या पायरीतल्या प्रत्येक रकान्यासमोर लिहा: नव्या फोनने यातले किती वाचले असते? बहिणीच्या कागदावर दुधाळ नऊ पुसण्यानेच गेले. हललेल्या सतरापैकी, उड्यांच्या हिशोबाने, पाच-सहा वाचले असते. झूमच्या आठपैकी उन्हातले तीन. हात हललेले चार जवळजवळ सगळे, कारण जुन्या फोनला ओआयएस नव्हतं. म्हणजे बारा-तेरा. आता हा आकडा आणि फोनची किंमत समोरासमोर ठेवायची, आणि उत्तर प्रत्येक घराचं वेगळं.

किमतीत तीन गोष्टी धरा. नव्या फोनची मेमरी, कारण मोठे फोटो आणि ४के व्हिडिओ जागा खातात: आयफोनवर सेकंदाला ३० चित्रांचा (फ्रेमचा) ४के व्हिडिओ मिनिटाला सुमारे १७० एमबी, ६० फ्रेमचा ४००. दुसरं, सुरक्षेचे अपडेट. जुन्या फोनचे अपडेट बंद झाले असतील आणि त्यावर बँकेचं ॲप असेल, तर कॅमेरा कसाही असो, फोन बदला. २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ मालिकेला सात वर्षांचं आश्वासन आहे. तिसरं, फक्त बॅटरी थकली असेल तर बॅटरी बदलण्याचा खर्च विचारा.

कॅमेऱ्यासाठीच घ्यायचं ठरलं, तर नव्या मधल्या दर्जाच्या फोनपेक्षा दोन वर्षांपूर्वीचा वरच्या दर्जाचा फोन आधी बघा. मोठा सेन्सर, ओआयएस आणि खरी झूम लेन्स एकत्र तिथे मिळतात. बहिणीने तेच केलं, ईएमआयशिवाय. आणि फेब्रुवारीतल्या दुसऱ्या कार्यक्रमाला ती झूम न करता पहिल्या रांगेच्या बाजूला जाऊन उभी राहिली, आणि नाचात पोरगी गिरकी संपवून क्षणभर थांबते तेव्हाच बटण दाबलं. ते जुन्या फोननेही जमलं असतं, हे तिनेच मला सांगितलं.

फोन हातात आल्यावर पहिल्याच दिवशी एक काम करा. वर्तमानपत्राचं एक पान भिंतीवर सपाट चिकटवा, दीड मीटरवर सरळ उभं राहून भर उजेडात प्रत्येक लेन्सने फोटो काढा, आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं मोठी करून वाचा. सगळेच कोपरे किंचित मऊ असतील तर काळजी नाही. एकच कोपरा दर वेळी पुसट येत असेल, तर लेन्स तिरकी बसली आहे. फोन उलटा धरून पुन्हा एकदा काढा. पुसट कोपरा आता पानाच्या समोरच्या टोकाला गेला, तर दोष फोनचाच. मग बिल आणि डबा घेऊन, परतीची मुदत संपायच्या आत दुकान गाठा.